ॲस्ट्रॅगॅलस लावताय? आधी बी घासा

ताई, पुण्यात गच्चीवर लावायला ॲस्ट्रॅगॅलस या औषधी वनस्पतीचं बी मागवलंत ते ठीक, पण पाकिटावरचं पूर्ण नाव आधी वाचा. ॲस्ट्रॅगॅलसच्या सुमारे ३,००० जाती आहेत आणि त्यातल्या काही गुरांना चक्क विषारी. चिनी औषधांत 'हुआंग ची' म्हणून वापरतात ती जात म्हणजे ॲस्ट्रॅगॅलस मेम्ब्रेनेशियस: उत्तर चीन-मंगोलियाकडची, फिकट पिवळ्या फुलांची, शेंगवर्गातली बहुवर्षायू वनस्पती.

खरी मेख बियांत आहे. बी बारीक, पण साल भलती टणक. नुसतं पेरलंत तर तसंच पडून राहील. हार्डवेअरच्या दुकानातून बारीक पॉलिश पेपर आणा, दोन तुकड्यांमध्ये बी ठेवून हलक्या हाताने घासा. चकाकी गेली की थांबा, आतला गर उघडा पडता कामा नये. मग रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी टम्म फुगलेलं तेवढंच पेरा, उरलेलं पुन्हा घासा.

जूनमध्ये पेरायची घाई नको. पुण्याच्या पावसात मूळ कुजायची भीती. दिवाळीच्या सुमारास पेरा, तेही थेट उंच कुंडीत, कारण सोटमूळ खोल जातं आणि जागा बदललेली त्याला सोसत नाही. काळी माती नकोच. निम्मी जाड वाळू घाला. शेणखत बेतानेच, शेंगवर्गातलं असल्याने नत्राचं काम मुळांवरच्या गाठींतले जिवाणू बघतात. एप्रिल-मेमध्ये सावलीसाठी हिरवी जाळी लावा. थंड मुलखातलं झाड, आपल्या गच्चीवर जरा नाखुशीनेच नांदणार.

औषधासाठी मुळं साधारण ४-५ वर्षांनी काढतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर या मुळांच्या काढ्याच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका.