आजी मागच्या विमानाने येणार नाहीये

ठाणे, गुरुवार, रात्री साडेअकरा

अगं पोरी,

संध्याकाळी तू गेलीस आणि तुझी यादी माझ्या ओट्यावरच राहिली. डायपर, प्रत्येकाचे दोन जास्तीचे कपडे वरच्या बॅगेत, तापाचं औषध, पासपोर्टच्या झेरॉक्स. सगळं बरोबर आहे, त्यात मला काही घालायचं नाही. पण अगदी तळाला तू पेन्सिलीने लिहिलंयस, 'ताईला कधी सांगायचं? हा म्हणतो विमानतळावरच सांगू.' आणि पुढे तीन प्रश्नचिन्हं. तुझी झोप उडवलीय ती या ओळीने. म्हणून आधी हिचंच उत्तर देते.

उद्या सांग तुझ्या चार वर्षांच्या ताईला. सकाळी, आजोबांच्या समोर, आणि जे आहे तेच सांग. आपण न्यूयॉर्कला बाबांकडे राहायला जातोय. आजोबा इथेच राहणार आहेत.

रडेल. रडू दे. उद्या रडली तर आजोबांच्या मांडीवर रडेल, आणि आजोबाही रडले तरी काही बिघडत नाही. आज लपवलंस तर ते रडणं टळत नाही, पुढे ढकललं जातं. मग ती रडेल अटलांटिकवर, अंधारात, पट्टा बांधून बसलेली असताना, आणि समोर तू एकटी, मांडीवर चौदा महिन्यांचं बाळ घेऊन.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. डिसेंबर 1996 मध्ये माझ्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन मी सहार विमानतळावरून निघाले. तेव्हा मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमान नव्हतं, फ्रँकफर्टला उतरून पुढे जायचं. मी नोकरी करायचे, त्यामुळे तो वाढला होता माझ्या सासूबाईंच्या कडेवर. दरवाजाशी त्याने आजीचा पदर धरला तो सोडेना. मागे रांग, पहारेकरी पुढे सरका म्हणतोय, एका हातात तिकिटं, खांद्यावर दोन पिशव्या. मी खाली वाकले आणि म्हणाले, "तू चल ना, आजी मागच्या विमानाने येतेय." त्याने तत्क्षणी पदर सोडला. हात हलवला आणि चालायला लागला. निरोपाला आलेली सगळी मंडळी म्हणाली, किती शहाणं पोर!

न्यूयॉर्कला सामानाच्या पट्ट्यापाशी तो थांबला. आमच्या बॅगा आल्या, बाकीच्यांच्या आल्या, पट्टा बंद झाला. तो ढकलगाडीचा दांडा धरून उभा. "आजीचं विमान येऊ दे." बाहेर त्याचे बाबा थंडीत ताटकळत होते. शेवटी मी त्याला उचलून नेला.

पुढे आठवडाभर खिडकीतून विमान दिसलं की विचारायचा. तेही थांबलं. थांबलं नाही ते वेगळंच. पुढची दोन वर्षं मी काहीही सांगितलं की तो विचारायचा, "खरं?" पाच वाजता शाळेत न्यायला येते. "खरं?" आज सुई नाही टोचणार. "खरं?" रागाने नाही गं. बाजारात आपण भाव विचारतो तितक्या साधेपणाने विचारायचा, आणि मला प्रत्येक वेळी तो पदर दिसायचा.

तू म्हणशील, मावशी, त्या दारात तू दुसरं काय करणार होतीस? खरंय. मी अठ्ठावीस वर्षांची होते, पहिल्यांदा विमानात बसत होते, आणि ते वाक्य मला सासूबाईंनीच शिकवलं होतं. त्यांच्या काळी मुलं अशीच निजवली जायची, अशीच माहेराहून परत आणली जायची. त्या मिनिटाला मी तसं बोलले नसते तर विमान चुकलं असतं, हे मी आजही म्हणेन. पण त्या मिनिटाआधी माझ्या हातात तीन आठवडे होते. तिकीट कपाटात होतं. ते तीन आठवडे मी लपवण्यात घालवले. बॅगा रात्री भरल्या, त्याला दिसू नयेत म्हणून पलंगाखाली ढकलल्या. त्या तीन आठवड्यांचं माझ्याकडे उत्तर नाही.

तुझ्याकडे सोळा दिवस आहेत. पुरेत.

आता सांगायचं कसं, तर तिच्या मापाने. थेट विमानाला सोळा तासांच्या आसपास लागतात, पण 'सोळा तास' हा शब्द चार वर्षांच्या मुलीला काहीच सांगत नाही. चार वेळा बालवाडीत जाऊन घरी येशील तेवढा वेळ, असं सांग. कागदाची एक लांब पट्टी काप आणि तिच्यावर तिलाच चौकोन काढू दे: जेवण, गोष्ट, चित्रपट, लांब झोप, खाऊ, परत गोष्ट, परत जेवण, बाबा. विमानात एकेक चौकोन खोडायचा. 'आलंच हं आता' असं एकदाही म्हणू नकोस. आठ तास उरलेत तर पट्टीवर किती चौकोन उरलेत ते मोजायला लाव. मुलं वेळेला कंटाळतात, पण जास्त कंटाळतात ती फसवणुकीला.

जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या एकामागे एक लाव, ओढणीचे पट्टे कर आणि खेळा विमान-विमान. त्या खेळात भीतीच्या जागा मुद्दाम घाल. तिचा कापडी हत्ती तपासणीच्या मशीनमध्ये जाणार आहे. हे तिला आधी माहीत नसेल तर खाकी गणवेशातल्या अनोळखी माणसासमोर हत्ती ट्रेमध्ये ठेवताना ती आकांत करेल, आणि लोक म्हणतील हट्टी आहे. ती हट्टी नसते गं, तिला कुणी सांगितलेलं नसतं. घरी एका खोक्याची दोन्ही टोकं काप, हत्तीला त्या बोगद्यातून दहा वेळा पाठव. अकराव्या वेळी ती स्वतः पाठवेल. तुझी तपासणी पडद्यामागे होईल, तेव्हा तू दोन मिनिटं दिसणार नाहीस, हेही सांग. दिसशीलच असं म्हणू नकोस.

विमानातल्या संडासात पाणी सोडलं की मोठा खेचल्यासारखा आवाज होतो. मोठी माणसंसुद्धा दचकतात. तिला आधीच तो आवाज तोंडाने काढून दाखव, कानांवर हात ठेवायला शिकव. विमान हललं तर ते हललं, 'काही नाही झालं' म्हणायचं नाही. कसाऱ्याच्या घाटात गाडी हलते ना, तसा हवेतही रस्ता खडबडीत असतो, म्हणून पट्टा. तिला कसारा घाट ठाऊक आहे, पुरेल तेवढं.

कानांचंही तसंच. विमान अकरा-बारा किलोमीटर वर उडतं, पण आतली हवा साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवरच्या हवेसारखी ठेवलेली असते. कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे तुम्ही तिघं रात्रभर कळसूबाईच्याही वर बसलेले असाल. उतरताना ही हवा परत दाट होते आणि कानाच्या आतल्या बारीक नळीतून तेवढी हवा आत जायला वेळ लागतो. मुलांची नळी अरुंद असते, म्हणून रडारड वर चढताना कमी आणि उतरताना जास्त. गिळलं की ती नळी उघडते. बाळाला तेव्हा पाज. उतरणं चाकं टेकण्याच्या बरंच आधी, अर्ध्या तासापासून चालू होतं, हे लक्षात ठेव, नाहीतर दूध आधीच संपवून बसशील. ताईला झोपेतून उठव, घोट घोट पाणी दे आणि सांग, कान दुखतील, थोडा वेळ, मग थांबतील. 'दुखणार नाही' म्हणालीस आणि दुखलं, तर पुढचं सगळं तुझं बोलणं वाया. दोघांपैकी कुणाला सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना कान दाखवून घे.

केबिनमधली हवा फार कोरडी असते, म्हणून पाणी सारखं हवं. शंभर मिलिलिटरचा नियम बाळाच्या दुधाला आणि खाण्याला तसा लागत नाही, प्रवासापुरतं नेता येतं, फक्त तपासणीला बाहेर काढून दाखव. खायला सवयीचंच ने: गूळ-पोळीचा लाडू, खाकरे, मुरमुरे. पाळण्याची जागा पहिल्या भिंतीलगत असते आणि मोजकीच असते. आजच विमान कंपनीला फोन करून माग आणि वजनाची मर्यादा विचार, प्रत्येकाची वेगळी असते, आणि तुझं बाळ चांगलं बाळसेदार आहे. पाळणा मिळाला तरी विमान हलायला लागलं की बहुतेक वेळा बाळाला उचलून मांडीवर घ्यायला सांगतात, म्हणजे झोप मोडणार. हे आत्ताच धरून चाल. तू एकटी दोघांना घेऊन जातेयस, तेव्हा नवऱ्याचं संमतीचं सहीपत्र जवळ असू दे.

आणि ते सिरप. पायऱ्यांवर तू हळूच विचारलंस, 'सगळे देतात म्हणे झोपेसाठी.' सगळे देत असतील. तू द्यायचं नाहीस. अ‍ॅलर्जीचं, उलटीचं ते औषध. त्यातल्या प्रोमेथाझिनने दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंदावू शकतो, म्हणून त्यांना ते द्यायचंच नसतं. काही मुलं तर त्याने झोपण्याऐवजी बिथरतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताईलाही नाही. यावर माझ्याशी वाद घालू नकोस. शेजारच्या सीटवरच्या माणसाला त्रास होईल म्हणून आपल्या पोराला गुंगी द्यायची, ही कसली भीड? शिवाय तेही खोटंच झालं. तिला कळणारच नाही आपल्याला काय होतंय.

गोष्टी बघायचा तो टॅबलेट मात्र दे खुशाल. मी त्या बाबतीत कडक नाही. गोष्टी घरूनच उतरवून ने आणि तिच्या डोक्याला बसणारे हेडफोन घे, एवढंच.

तिकडे पोचल्यावर आठवडाभर रात्री दोन वाजता दोघं टक्क जागी असतील. हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक म्हणजे दिवसाची रात्रच. शरीर साधारण दिवसाला एक तास सरकतं. तिला इथेच टॉर्च आणि संत्रं घेऊन दाखव, आजोबांकडे ऊन तेव्हा बाबांकडे चांदोबा. मग रात्री दोनला ती 'झोप येत नाही' म्हणाली की रागवायचं नाही. 'आजोबांकडे आत्ता दुपार आहे' म्हणायचं, ते खरं असतं. सकाळ झाली की मात्र दोघांना उजेडात बाहेर काढ, थंडी असली तरी.

तुझ्या नवऱ्याला मी फोन करू का? चांगला मुलगा आहे, त्याला तिच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य बघायचंय, मला कळतं. आठ महिने भेटलेला नाही. पण बाबा भेटणार हे सोळा दिवस आधी कळलं म्हणून तिचा आनंद कमी होत नाही. आजोबा नाहीत हे विमानात कळलं तर तोच आनंद नासतो. त्याला माझं नाव सांग. मावशी म्हणते म्हण.

आजोबांशी मी आज बोलले. ते म्हणाले, "मी त्या दिवशी विमानतळावर येत नाही, मला नाही सोसणार." मी सांगितलं, यायचं. टर्मिनल दोनच्या दारापर्यंत यायचं, तिला उचलून घ्यायचं आणि मी इथे राहतोय असं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. ते गप्प बसले, मग विचारलं, किती वाजता निघायचं. म्हणजे येणार.

शनिवारी दुपारी मी बॅगा भरायला येते. ताईला खाली खेळायला पाठवू नकोस. तिची बॅग तिलाच भरू दे, हत्ती सगळ्यात वर ठेवायचा, हाताशी.

तुझी
मावशी