आत्याला स्तनाचा कॅन्सर झाला होता. मला धोका आहे का, मॅमोग्राफी करू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ३४, आत्याला ४२ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, आता त्या बऱ्या आहेत, त्यांची आई अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. आणि आई म्हणते, ते बाबांच्या घरचं, तुला काही होत नाही. एवढ्यापुरतं आईंचं ऐकू नका.

मी कोरेगाव तालुक्यात आरोग्यसेविका आहे. हा समज घरोघरी भेटतो. पण बीआरसीए १ आणि २ या जनुकांत दोष असला की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो, आणि हा दोष वडिलांकडूनही येतो. तो बाबांमध्ये असेल, तर ते स्वतः ठणठणीत असले तरी प्रत्येक लेकरात उतरण्याची शक्यता निम्मी. तुमच्या बाबांच्या घरात स्तनाचा आणि अंडाशयाचा, दोन्ही कॅन्सर, त्यातला एक पन्नाशीच्या आत. म्हणून मला हे साधं वाटत नाही.

जनुकांची तपासणी आधी आत्यांची होऊ द्या. त्यांच्यात दोष सापडला तर तुमच्यात नेमका तोच शोधता येतो. आधी तुमची केली आणि काही निघालं नाही, तरी निर्धास्त होता येत नाही. कराड किंवा मिरजेच्या कॅन्सरतज्ज्ञांना भेटा, ते पुढचं सांगतील.

मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचं म्हणाल तर तरुण वयात स्तन दाट असतात, फोटोत पांढरे दिसतात आणि गाठही पांढरीच. म्हणून चाळिशीच्या आत ती सरसकट करत नाहीत. दोष निघाला तर मात्र दरवर्षी एमआरआयसुद्धा लागतो.

तोवर तुमच्या उपकेंद्रावर जा. तिशीपुढच्या बायकांचे स्तन तिथे हाताने तपासतात, फुकट. या तपासणीला कमी लेखू नका. मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून वीस वर्षं दीड लाख बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलेल्या, पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले.

सुरुवातीला गाठ बहुधा दुखत नाही. तिथेच घात होतो. लेप लावत महिनोन् महिने अंगावर काढलेल्या बाया मी पाहिल्यात. येतात तेव्हा बोंड आत ओढलेलं असतं, काखेतही गाठ असते. गाठ लागली, बोंडातून रक्त आलं, कातडीला खळी पडली, तर त्याच आठवड्यात दाखवा.

आणि उपकेंद्रावर जाताना आईंनाही न्या. हा आजार होणाऱ्या बहुतेकींच्या घरात आधी कुणालाच तो झालेला नसतो.