घरच्या छोट्या आमरीला (ऑर्किडला) शेंग धरली आहे, बी मातीत पेरू की कोकोपीटमध्ये?

दोन्हीत नको.

पडलेल्या आंब्याच्या फांदीवरून तुम्ही वाचवलेलं डेंड्रोबियम मायक्रोबल्बॉन हे आपल्या सह्याद्रीचंच झाड. त्याचं फुगीर खोडच जेमतेम दोनेक सेंटिमीटरचं, आणि बी तर त्याहून कितीतरी बारीक! शेंग उकलली की पिठासारख्या हजारो बिया उडतात. एवढ्याशा बीत अन्नाचा साठाच नसतो. रानात एखादी योग्य बुरशी तिच्यात शिरते आणि त्या बुरशीकडून पोषण मिळालं तरच ती रुजते. हे नोएल बर्नार या फ्रेंच संशोधकाने १८९९ मध्ये ओळखलं. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नूडसन यांनी बुरशीला वगळून थेट साखरेवर बी रुजवून दाखवली. आपण घरी करायचं ते हेच.

अडचण एकच: साखर आमरीला हवी तशी हवेतल्या प्रत्येक बुरशीलाही हवी असते. म्हणून माझा आग्रह, शेंग उकलायची वाट पाहू नका. फुगायची थांबली, पण अजून हिरवी आणि घट्ट आहे, तेव्हाच काढा. बंद शेंगेच्या आत सगळं निर्जंतुक असतं, त्यामुळे फक्त वरची साल साफ करावी लागते. उकललेल्या शेंगेची नाजूक बी ब्लीचमध्ये धुवत बसणं हा वेगळाच ताप.

बी ज्यावर रुजवायची त्या माध्यमासाठी एक लिटर पाण्यात २० ग्रॅम साखर, ७-८ ग्रॅम अगर-अगर (मिठाईवाले ज्याला चायना ग्रास म्हणतात तेच), ऑर्किडचं विरघळणारं खत नेहमीच्या निम्म्या प्रमाणात आणि ५० ग्रॅम कुस्करलेलं केळं. सामू (पीएच) ५.५ च्या आसपास ठेवा. फार आंबट झालं तर अगर धरत नाही. जामच्या बरण्यांत थोडं थोडं ओतून, झाकणं सैल ठेवून कुकरमध्ये पहिल्या शिटीनंतर मंद आचेवर २० मिनिटं ठेवा. एक रिकामी बरणी, सुरी आणि चिमटाही फॉइलमध्ये गुंडाळून त्यातच घाला.

पेरणीला पंखा बंद, खिडक्या बंद. मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या खोक्याला हात जातील एवढी दोन भोकं पाडा आणि ते आतून स्पिरिटने पुसून घ्या. शेंग साबणाने घासा, दहापट पातळ केलेल्या घरगुती ब्लीचमध्ये १५ मिनिटं बुडवा, मग खोक्यातच स्पिरिटने पुसून वाळू द्या. खोक्यात दिवा किंवा लायटर अजिबात नेऊ नका, स्पिरिटची वाफ भडकते. शेंग उभी चिरायची, सुरीच्या टोकाने बी माध्यमावर पसरायची आणि झाकण लगेच घट्ट लावायचं. चार-पाच बरण्या करा. त्यातल्या एक-दोन बुरशीला जाणार हे धरूनच चाला. आठवड्याभरात कापसासारखं काही दिसलं तर ती बरणी न उघडता बाजूला काढा.

उरलेल्या बरण्या उन्हापासून दूर, उजेडात ठेवा आणि विसरून जा. काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, हिरवे ठिपके दिसू लागतील. हे प्रोटोकॉर्म. पान-मूळ नंतर येतं. दाटी झाली की तशाच काळजीने ताज्या माध्यमावर हलवायचं.

रोपं खरी मरतात ती बरणीबाहेर काढल्यावर. छोट्या जातीचं रोप बरणीत वर्षभर राहूनही नखाएवढंच असतं, म्हणून मुळं सेंटिमीटरभर होईपर्यंत घाई नको. आपल्याकडे बाहेर काढायला जून-जुलैसारखा काळ नाही, हवेतला ओलावा फुकट मिळतो. पेरणी मात्र पावसाळ्यात टाळा, तेव्हा हवेत बुरशीचे बीजाणू फार. मुळांना चिकटलेलं अगर कोमट पाण्यात पूर्ण धुवा, नाहीतर त्यावरच बुरशी धरते. मग ओलसर स्फॅग्नम मॉसवर (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) झाकणाच्या डब्यात ठेवून झाकण रोज थोडं जास्त उघडत न्या. मोठं झाड कोरड्या दिवसांत पानं गाळून झोपतं, पण पहिल्या हिवाळ्यात रोपांचं पाणी तोडू नका.

एवढा खटाटोप नको असेल, तर शेंग झाडावरच पिकू द्या आणि बी आसपासच्या आंब्या-जांभळांच्या खडबडीत, शेवाळलेल्या सालीवर पावसाच्या तोंडावर भुरभुरा. यश क्वचितच येतं, पण खर्च शून्य.

आणि ऑनलाइन मिळणाऱ्या ‘ऑर्किड बिया’ घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. पाकिटातले दाणे मोजता येत असतील तर ती आमरी नव्हेच.