'रास्त' कोणाच्या बाजूने?

प्रश्न असा आहे: 'एका लेखाचा अनुवाद करते आहे. फेअर ट्रेडला "रास्त व्यापार" म्हटलं तर चालेल का? आणि ग्लोबल सिटिझनला जागतिक नागरिक म्हणू की विश्वनागरिक?'

दुसरा भाग आधी उरकतो. 'जागतिक' हे मराठीत पसाऱ्याचं विशेषण आहे: जागतिक मंदी, जागतिक कीर्ती. 'जागतिक नागरिक' म्हटलं की मला सतत विमानात बसलेला माणूस दिसतो. तू कुठला, असं विचारल्यावर डायोजेनिस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाने स्वतःला 'कॉस्मोपोलितेस', म्हणजे विश्वाचा नागरिक, म्हणवून घेतलं, अशी जुनी कथा आहे. त्यातल्या पोलितेसमध्ये जसं नगर आहे, तसंच आपल्या नागरिकातही आहे. म्हणून 'विश्वनागरिक' त्याला नेमका बसतो. अभ्यासक्रमांत 'जागतिक नागरिकत्व' रुळलंय, तिथे मात्र हट्ट नको.

खरी गंमत 'रास्त'मध्ये आहे. शब्द फारसी, मूळ अर्थ सरळ, खरा. आता ही दोन वाक्यं पाहा: 'माल रास्त भावात मिळाला' आणि 'मालाला रास्त भाव मिळाला'. पहिल्यात घेणारा खूश, दुसऱ्यात विकणारा. रास्त कोणाच्या बाजूने, हे त्या शब्दात नाहीच, ते विभक्ती ठरवते. 'रास्त व्यापार' या जोडीत विभक्तीच नाही. मग वाचक सवयीच्या अर्थाकडे, म्हणजे स्वस्ताईकडे वळतो, आणि तुमच्या लेखाचा अर्थ उलटा होतो. फेअर ट्रेडचा रोख पिकवणाऱ्याला आणि बनवणाऱ्याला योग्य मोबदला मिळण्यावर असतो, त्यात ग्राहकाला अनेकदा चार पैसे जास्तच मोजावे लागतात.

'उचित व्यापार'चीही तीच अडचण. ग्राहक कायद्यातली 'अनुचित व्यापार प्रथा' म्हणजे ग्राहकाची फसवणूक, त्यामुळे तिथेही डोळे गिऱ्हाइकाकडेच लागलेले.

माझं मत 'न्याय्य व्यापार'ला. न्याय म्हटलं की ज्याच्यावर अन्याय होतोय तो आपोआप आठवतो, आणि इथे तोच हवा आहे. फक्त दोन 'य' विसरू नका. न्यायी असतो तो माणूस, न्यायिक असते ती चौकशी. लेखात पहिल्यांदा हा शब्द येईल तिथे 'पिकवणाऱ्याला आणि बनवणाऱ्याला रास्त मोबदला देणारा व्यापार' अशी फोड करा. 'भाव' दोन्ही बाजूंना झुकतो, 'मोबदला' मात्र देणाऱ्या हाताकडे कधीच जात नाही, त्यामुळे त्याच्याशेजारी 'रास्त' बिनधोक आहे.

आणखी एक खड्डा. इंग्रजीत हे दोन शब्द सुटे लिहिले तर ती कल्पना, आणि जोडून, मोठ्या अक्षराने लिहिले तर ती प्रमाणपत्र देणारी ठरावीक यंत्रणा. तसा शिक्का प्रथम 1988 मध्ये नेदरलँड्समध्ये कॉफीवर लागला. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत, म्हणून यंत्रणेचं नाव 'फेअरट्रेड' असं जोडून तसंच ठेवा, भाषांतर फक्त कल्पनेचं करा.

कॉफीचाच दाखला तुमच्या लेखात असेल तर पुढचं उपयोगी पडेल. या यंत्रणेत अरेबिका जातीच्या, पाण्याने धुऊन तयार केलेल्या कॉफीला ऑगस्ट 2023 मध्ये पौंडामागे 1.80 डॉलर हा किमान भाव लागू झाला. बाजार त्याच्या वर गेला तर बाजारभाव द्यायचा. याला 'हमीभाव' म्हणायचा मोह होईल, पण त्या शब्दामागे सरकार उभं असतं, इथे खरेदीदार बांधलेला असतो. 'किमान भाव' पुरे. शिवाय पौंडामागे 20 सेंट 'प्रीमियम' शेतकऱ्यांच्या संस्थेला मिळतो आणि तो कशावर खर्चायचा ते सभासद ठरवतात. कोशात प्रीमियमला 'हप्ता' सापडेल, पण तो विम्याचा. 'खरेदीदार शेतकऱ्यांच्या संस्थेला हप्ता देतात' असं छापून आलं तर वाचक भलतंच समजेल. 'जादा रक्कम' लिहा.