वाचकांचे प्रश्न : ठिणग्या आणि भुसा एकाच पिशवीत

प्रश्न : घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये मी सुऱ्या बनवतो. पातं ट्रकच्या कमानीच्या पाट्याचं, मूठ सागवानी. दोन्ही एकाच बेल्ट ग्राइंडरवर घासतो आणि धूळ ओढायला सुतारकामाचा, कापडी पिशवीचा डस्ट कलेक्टर लावलाय. परवा काम आटोपून जेवायला गेलो. तासाभराने आलो तर पिशवीतून धूर. कलेक्टरचा पंखा तर केव्हाच बंद केला होता. मग आग लागली कशी? – एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आग पंखा चालू असतानाच लागली होती, दिसली नंतर. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे हवेत जळत जाणारा पोलादाचा कण. त्याचं तापमान हजार अंशांच्या वर असतं. सागाच्या बारीक भुशाचा थर दोन-अडीचशे अंशांच्या आसपासच धुमसायला लागतो. बऱ्याच ठिणग्या पाइपातच विझतात हे खरं, पण 36 ग्रिटच्या (जाड, खरखरीत दाण्याच्या) नव्या बेल्टने निघालेला जाड कण उष्णता जास्त वेळ धरून ठेवतो, आणि तसा एक पुरतो. भुशात शिरला की गोवरीसारखं आतल्या आत धुमसणं सुरू होतं. पंखा फिरतोय तोवर धूर हवेबरोबर निघून जातो, म्हणून कळत नाही. त्या अवस्थेत पंखा पुन्हा सुरू केला असता तर आयती फुंकर मिळून भडकाच उडाला असता.

उपाय एकच : पोलाद आणि लाकूड यांची धूळ कधीही एका पाइपात जाऊ द्यायची नाही. मध्ये जाळी लावून भागत नाही. जाळीतून बारीक ठिणगी सहज जाते, आणि जाळीवर साचलेला भुसाच आधी पेटतो.

पोलाद घासताना डस्ट कलेक्टर बंद ठेवा आणि ग्राइंडरकडच्या पाइपाची झडप लावा. बेल्टच्या खाली, ठिणग्यांचा झोत जिथे पडतो तिथे, लोखंडी बादली ठेवा. प्लास्टिकची नको. तीत 5 ते 7 सेंटिमीटर पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब. ते थेंब नसले तर बारीक कीस पाण्यावर तरंगत राहतो आणि वरच्या कोरड्या थरावर पुढची ठिणगी पडते. झोत इकडेतिकडे जाऊ नये म्हणून बेल्टपासून बादलीपर्यंत पत्र्याची घसरगुंडी वाकवून घ्या. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये हे पाणी भराभर उडतं. सकाळी भरलं म्हणून दुपारी असेलच असं धरू नका. ओढणारा पंखा बंद म्हणजे मास्क आलाच. एन-95 चालेल, रुमाल नाही.

मुठीचं काम सुरू करण्याआधी बेल्ट बदला आणि प्लेटनच्या (बेल्टला मागून टेकू देणाऱ्या सपाट पट्टीच्या) मागचा, गार्डच्या आतला कीस ब्रशने काढा. इथे बहुतेकांचा आळस होतो, आणि नेमका याच कोपऱ्यात लाकडाचा भुसा कीसात मिसळून चिकटलेला असतो. पुढच्या वेळी पोलाद घासताना पहिली ठिणगी तिथेच बसते.

लाकडाच्या बाजूला पीव्हीसीऐवजी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याचा पाइप लावा, पीव्हीसी वितळतो. पाइपात भुसा साचू नये म्हणून हवेचा वेग सेकंदाला 20 मीटरच्या आसपास हवा. 4 इंची पाइपाला त्यासाठी सुमारे 350 सीएफएम (मिनिटाला तितके घनफूट हवा) लागतात. पाइप लांब आणि वळणं जास्त असली तर छोट्या पंख्याला ते झेपत नाही. भुसा तळाशी बसतो आणि पाइपभर वात तयार होते. पिशवी रोज रिकामी करा, झाकणाच्या लोखंडी डब्यात, आणि तो डबा रात्री घराबाहेर, भिंतीपासून लांब ठेवा.

पुन्हा धूर दिसला तर आधी मेन स्विच बंद. पिशवी झटकायची नाही, उघडायचीही नाही. भुसा हवेत उडाला की क्षणात भडका होतो. बाहेरून झारीने हळूहळू पाणी सोडून पूर्ण भिजवा, मगच उचलून अंगणात न्या. ज्वाळा निघाल्याच तर बाहेर पडा आणि 101 फिरवा.

प्रश्न : बोल्स्टर (पातं आणि मूठ यांच्या सांध्यावरचा धातूचा तुकडा) अॅल्युमिनियमचा करतो. त्याची धूळ पाण्याच्या त्याच बादलीत गेली तर चालेल का? – हिंगणा

उत्तर : नाही. अॅल्युमिनियमची ताजी बारीक धूळ पाण्याशी क्रिया करून हायड्रोजन सोडते. बादलीवर झाकण असेल तर तो साठतो, आणि ठिणग्या तर वरून पडतच असतात. कोरड्या डब्यातही गंजलेल्या लोखंडाचा कीस आणि अॅल्युमिनियमची धूळ एकत्र करू नका. रेल्वेचे रूळ जोडतात ती थर्मिट क्रिया याच दोघांची. बोल्स्टर कानशीने घासा. कीस जाड पडतो, हवेत उडत नाही, झाडून वेगळ्या डब्यात भरता येतो. पेटलाच तर पाणी नाही, एबीसी सिलिंडरचा (आग विझवायच्या पावडरच्या नळकांड्याचा) झोतही नाही, त्याने धूळ उडते. कोरडी वाळू अलगद पसरायची. टायटॅनियमलाही हेच नियम, तेही जास्त कडकपणे. खरं तर पितळ घेतलंत तर अर्धी कटकट मिटते, त्याच्या ठिणग्या उडत नाहीत.

प्रश्न : उन्हाळ्यात कूलरशिवाय शेडमध्ये उभं राहवत नाही. – जरीपटका

उत्तर : 45 अंशांत कोण उभं राहील? पण कूलरचा झोत ग्राइंडरवर नको, तुमच्या पाठीवर हवा. समोरून आला तर ठिणग्या बादली सोडून शेडभर जातात. हिवाळ्यात मात्र बंद कूलर शेडमधून हलवा किंवा त्याच्या ताट्या तरी काढा. आठ महिने कोरडं पडलेलं ते गवत एका ठिणगीत धरतं.

प्रश्न : मुठीला जवसाचं तेल लावतो. तेलाची फडकी भुशाच्या डब्यात टाकली तर? – उमरेड रोड

उत्तर : तिथे तर ठिणगीचीही गरज नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि त्यात उष्णता निघते. चुरगाळलेल्या फडक्यात ती कोंडते, वाढते, आणि काही तासांत फडकं आपोआप पेटतं. उघडं पसरून बाहेर तारेवर एकेरी वाळत घाला, कडक झाल्यावर टाका. नाहीतर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा. तेल लावलेली मूठ पुन्हा सँडपेपरने घासलीत तर तो तेलकट भुसाही त्याच पाण्याच्या डब्यात.