बँडच्या गाण्याचा व्हिडिओ : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत सोलापुरातल्या कॉलेजांमधून एकाच विषयावर पत्रं आली : स्वतःच्या बँडच्या गाण्याचा व्हिडिओ कसा करायचा? त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : आमचा पाच जणांचा बँड आहे. गाणं आमचंच, चार मिनिटं दहा सेकंदांचं. मित्राचा मिररलेस कॅमेरा मिळणार आहे आणि हातात एकच रविवार आहे. सुरुवात कुठून करावी?
– द्वितीय वर्ष, जुळे सोलापूर

उत्तर : गाण्यापासून. शूटिंगच्या दिवशी जी फाइल वाजणार, तिची लय आणि लांबी नंतर बदलणार नाही हे आधी पक्कं करा. मिक्सिंग पुढे चालू राहिलं तरी हरकत नाही. गिटार थोडी वर आली, गायकाचा आवाज पुढे आला, तरी ओठांचं काही बिघडत नाही. पण ‘अंतरा रेंगाळतोय’ म्हणून नंतर लय दोन टक्क्यांनी वाढवली, तर अडीचशे सेकंदांच्या गाण्यात शेवटी पाच सेकंदांचा फरक पडतो. मग दिवसभराचं काम वाया गेलं म्हणून समजा.

स्टुडिओकडून ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल मागून घ्या, कारण व्हिडिओचा आवाज ४८ वरच चालतो. तिच्या आधी दोन बारचे (तालाच्या दोन आवर्तनांचे) टिक जोडून प्लेबॅकची, म्हणजे शूटिंगला वाजवायची, प्रत तयार करा. मिनिटाला १०० ठोके असतील तर चार-चारच्या दोन बारना ४.८ सेकंद लागतात. तेवढ्यात गायक श्वास घेतो आणि ड्रमरच्या काठ्या वर जातात. एडिटिंगलाही हीच प्रत टाइमलाइनवर ठेवा आणि टिक अगदी शेवटी कापा.

मग कागद घ्या. सेकंद, शब्द, पडद्यावर कोण आणि कुठे, असे चार रकाने आखून गाणं ओळीओळीने उतरवा. सोलो कुठे येतो, ड्रमची उचल कुठे आहे, गायक गप्प असताना काय दाखवायचं, हे इथेच ठरतं. शूटिंगला उभं राहून ठरवायला गेलात तर पाच जणांची पाच मतं होतात.

आता वेळेचा हिशेब. सव्वाचार मिनिटांचं गाणं, पुन्हा जागेवर येणं, घाम पुसणं, फोकस तपासणं, असं धरून एका टेकला (एकदा घेतलेल्या चित्रणाला) बारा मिनिटं लागतात. सकाळी सात ते साडेअकरा आणि दुपारी साडेतीन ते सहा मिळून सात तास होतात. त्यातून मांडामांडीचा एक तास आणि दोनदा जागा बदलायचा दीड तास वजा केला की साडेचार तास, म्हणजे बावीस टेक उरतात. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पूर्ण बँडचा वाइड (लांबून), मग गायकाचा मिड (कमरेपासून वर), मग गायकाचा क्लोज (चेहरा), हे तिन्ही गाणं न तोडता घ्या. एवढं झालं की संध्याकाळी काहीही अडलं तरी व्हिडिओ जुळवता येतो. नंतर बाकी चौघांचा प्रत्येकी एक पूर्ण मिड टेक. बोटं, काठ्या, पेडल यांचे तुकडे सगळ्यात शेवटी घ्या, त्यांना पूर्ण गाणं वाजवावं लागत नाही. कथेचे प्रसंग घालायचेच असतील तर एकच माणूस आणि एकच जागा ठेवा. एका रविवारात प्रेमकथा आणि बँड दोन्ही नीट होत नाहीत, आणि आमच्या मते पहिल्या व्हिडिओत बँडच दिसायला हवा.

प्रश्न : दोन मोबाइलवर शूट केलं. सुरुवातीला ओठ बरोबर जुळतात, पण शेवटच्या कडव्यापर्यंत स्पष्ट मागे पडतात. कारण काय असावं?
– विजापूर रोड

उत्तर : हळूहळू सरकत जाणं आणि सुरुवातीपासून सारखाच फरक असणं, हे दोन वेगळे दोष आहेत. तुमचा पहिला आहे. बहुतेक मोबाइल सेकंदाला ठरलेल्या फ्रेम्स घेत नाहीत. उजेड कमी झाला किंवा फोन तापला की त्या कमी-जास्त होतात, आणि काही एडिटिंग सॉफ्टवेअरना हा बदल नीट वाचता येत नाही. झालेल्या शूटिंगसाठी उपाय असा : हँडब्रेक या मोफत प्रोग्राममधून सगळ्या क्लिप कॉन्स्टंट फ्रेम रेटवर (सेकंदाला ठरलेल्या फ्रेम्सवर) काढून घ्या आणि नव्याने जुळवा. पुढच्या वेळी फ्रेम रेट आणि शटर (एक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) बांधून ठेवता येणारं कॅमेरा ॲप वापरा आणि दोन्ही फोन २५ फ्रेम्सवर लावा. एक ३० वर आणि एक २५ वर असेल तर जोडलेल्या शॉटमध्ये हालचाल अडखळते.

दुसऱ्या दोषाचं मूळ बहुधा अंतरात असतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि २५ फ्रेम्समध्ये एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. म्हणजे साडेतेरा मीटरमागे एक फ्रेम. स्पीकर बँडजवळ आणि कॅमेरा तलावाच्या पलीकडे ४० मीटरवर असेल, तर कॅमेऱ्याच्या माइकला गाणं तीन फ्रेम उशिरा पोहोचतं. आवाजाच्या लाटा जुळवून सिंक केलंत की चित्र तेवढंच चुकतं. अशा शॉटची क्लिप हाताने सरकवा.

ब्लूटूथ स्पीकर चालतो, कारण बँड आणि कॅमेरा दोघंही तोच आवाज ऐकतात. मात्र ड्रमरच्या कानात त्याच फोनचा वायरचा इअरफोन आणि बाकीच्यांना ब्लूटूथ स्पीकर, असं कधीच करू नका. ब्लूटूथचा आवाज १०० ते २०० मिलिसेकंद, कधी त्याहूनही जास्त मागे असतो, त्यामुळे ड्रमर सगळ्यांच्या पुढे धावताना दिसतो. दोन निरनिराळे ब्लूटूथ स्पीकर लावल्यावरही हाच घोळ होतो. स्प्लिटर घ्या आणि सगळं वायरने जोडा.

प्रश्न : ड्रम खरोखर वाजवले तर प्लेबॅक ऐकू येत नाही, खोटे वाजवले तर खोटे दिसतात. मधला मार्ग आहे का?
– अशोक चौक

उत्तर : आहे. ठोका खरा ठेवा, आवाज मारा. किकमध्ये (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रममध्ये) उशी घाला. स्नेअरची खालची तार सैल करा. स्नेअर आणि टॉम्सवर टेरी टॉवेल दुमडून ठेवा. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही. समोरून, डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेल्या शॉटमध्ये तो दिसत नाही. वरून शॉट घ्यायचा असेल तर टॉवेल काढून तेवढे दहा-पंधरा सेकंद मोकळे वाजवू द्या. सिंबलला खालच्या बाजूने टेपच्या तीन-चार पट्ट्या लावा. आवाज दबतो, पण सिंबल डोलतं. ते डोललं नाही तर ड्रमर नुसता हवेत हात फिरवतोय असं वाटतं. काठी नेहमीच्याच उंचीवरून आली पाहिजे, हे ड्रमरला दर टेकला सांगावं लागतं, कारण आवाज दाबला की हात आपोआप आखडतो. आवाज दाबूनही प्लेबॅक पुरेसा ऐकू येत नसेल, तर केसांआडून किंवा शर्टच्या आतून वायरचा इअरफोन द्या.

बाकीच्यांनाही हाच नियम. गायकाने पूर्ण ताकदीने गायचं. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा, छाती, भुवया काहीच हलत नाही आणि प्रेक्षकाला ते लगेच कळतं. इलेक्ट्रिक गिटारला केबल जोडलेली हवी आणि ॲम्पचा दिवा लागलेला हवा. कॉर्ड खरीच धरायची. हा व्हिडिओ बघणाऱ्यांत गिटार वाजवणारे असतातच.

प्रश्न : ओळखीच्यांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात शूटिंग करायचं आहे. चाचणीत चित्रावर काळे पट्टे वरखाली सरकताना दिसले. शिवाय मागांच्या आवाजात गाणं ऐकूच येत नाही.
– अक्कलकोट रोड

उत्तर : जागा फार चांगली निवडली आहे. हे शहर ज्या मागांवर उभं राहिलं त्यांच्यासमोर इथल्या मुलांनी गावं, याला अर्थ आहे.

पट्टे ट्यूबलाइटमुळे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातील. १/६० वर ते राहतात. स्वस्त एलईडी मात्र वेगळ्याच गतीने लुकलुकतात, म्हणून रेकीच्या (आधी जागा बघायला जाण्याच्या) दिवशीच पांढरी भिंत फ्रेममध्ये घेऊन दोन्ही शटर तपासा आणि जो दिवा ऐकत नाही तो बंद करायला सांगा.

आवाजाचा प्रश्न काम वाटून सोडवा. गाण्याचे टेक मागाच्या विश्रांतीच्या वेळी किंवा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घ्या, आणि चालते माग, धोटा, फिरणारं बीम, विणून उतरणारी चादर यांचे शॉट वेगळे घ्या. मागांचा आवाज व्हिडिओत लागणारच नाही. चालत्या मागासमोर गायक हवाच असेल तर त्याला वायरचा इअरफोन द्या. तिथे कॅमेऱ्याच्या माइकवर गाणं नोंदलं जाणार नाही, म्हणून टेक सुरू होताना गाण्याची सेकंदं दाखवणारा फोन कॅमेऱ्यासमोर धरा. टाइमलाइनवर तोच आकडा शोधला की क्लिप जागेवर बसते.

मागे उजेड ठेवलात तर हवेतला तंतू फार सुंदर चमकतो, पण तोच कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरवरही बसतो. लेन्स बदलायची तर बाहेर येऊन बदला. हा तंतू पटकन पेट घेतो, म्हणून हॅलोजनसारखे तापणारे दिवे, फटाके, धुराच्या कांड्या अजिबात नकोत. कारखान्याच्या बोर्डातून स्वतः वीज घेऊ नका, वायरमनला सांगा. ओढणी, मोकळे केस आणि गिटारची केबल चालत्या मागापासून किमान दोन मीटर दूर ठेवा, आणि त्यावर लक्ष ठेवायला कॅमेरा न धरणारा एक माणूस नेमा. अजून एक : मजुरी नगावर असेल तर तुमच्यासाठी थांबवलेला प्रत्येक माग कामगाराच्या कमाईतून जातो. मालकाशी आणि कामगारांशी आधी बोलून ती भरपाई बजेटमध्ये धरा. ज्यांचे चेहरे दिसणार आहेत त्यांना विचारूनच शॉट घ्या.

प्रश्न : भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव आणि रेल्वे रुळांवर शूटिंग करायचं मनात आहे. परवानगी आणि उजेड, दोन्हींबद्दल सांगा.
– बाळीवेस

उत्तर : रूळ यादीतून काढून टाका. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे आणि त्यात जीवही जातो. भुईकोट किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. तिथे व्हिडिओ शूटिंगसाठी पुरातत्त्व खात्याकडे अर्ज, शुल्क आणि अनामत लागते, म्हणून काही आठवडे आधीच कामाला लागा. सिद्धेश्वर मंदिराच्या आवारासाठी देवस्थानाची लेखी परवानगी घ्या. संक्रांतीच्या सुमारास गड्डा यात्रा असते, तेव्हा तिथे ट्रायपॉड उभा करायलाही जागा मिळत नाही. उघड्यावर स्पीकर लावायचा तर पोलीस ठाण्याला आधी विचारा. रात्री दहा ते सकाळी सहा तो लावताच येत नाही.

उजेडाचं सांगायचं तर सोलापूर १७.७ अंश उत्तरेला आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर येतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. डिसेंबरच्या उत्तरार्धात तो भरदुपारीही ४९ अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे हिवाळ्यात सूर्य बँडच्या पाठीशी ठेवून दुपारीही काम करता येतं. समोरून चेहऱ्यांवर पांढऱ्या थर्माकोलच्या शीटने उजेड परतवा. वाऱ्याने शीट डुलली की चेहऱ्यावरचा उजेडही डुलतो, म्हणून ती दोघांनी धरावी.

कडक उन्हात, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/५० ठेवलं तर ॲपर्चर (लेन्सचं तोंड) एफ/२२ पर्यंत बंद करावं लागतं. एफ/४ वर यायला पाच स्टॉप कापावे लागतात (एका स्टॉपला उजेड निम्मा होतो), म्हणजे लेन्सवर एनडी-३२ हा उजेड कापणारा काळसर फिल्टर, एफ/२.८ साठी एनडी-६४. फिल्टर नसला की मुलं शटर १/२००० वर नेतात आणि ड्रमच्या काठ्या तुटक तुटक उडताना दिसतात. एप्रिल-मेमध्ये फोन उन्हात तापून रेकॉर्डिंग मध्येच बंद पडतं. टेक संपला की फोन सावलीत ठेवा आणि कव्हर काढून टाका.

प्रश्न : सगळं स्लो मोशनमध्ये चालतंय, पण गायकाचे ओठ गाण्याशी जुळतात, असं कसं करतात?
– होटगी रोड

उत्तर : ५० फ्रेम्सवर, १/१०० शटर ठेवून शूट करा आणि प्लेबॅक दुप्पट वेगाने वाजवा. गायकाने त्याच वेगात गायचं. २५ फ्रेम्सच्या टाइमलाइनवर क्लिप निम्म्या वेगाने चालवली की ओठ मूळ गाण्यावर येतात. गाणं संथ असेल तरच हे जमतं. शब्द दाट असतील तर फक्त ध्रुपदापुरतं करा. दोन दिवस सराव हवा. दुप्पट वेगाची फाइल घरीच तयार करून ठेवा.

प्रश्न : जुन्या सिनेगीताचं आमचं कव्हर किंवा एखादा अभंग घेतला तर चालेल का? आणि ड्रोन?
– होटगी रोड

उत्तर : गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. शब्द आणि चालीचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. कव्हर स्वतः वाजवलंत तरी त्यावर चित्र जोडायला हक्कधारकाची परवानगी लागते. संतांचे अभंग मोकळे आहेत, पण अलीकडच्या संगीतकाराने दिलेली चाल त्याची आहे. अभंगाला स्वतःची चाल लावा. ड्रोनसाठी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा. विमानतळ शहरातच, होटगी रोडला असल्याने त्याच्या आसपास परवानगीशिवाय उडवता येत नाही.

प्रश्न : ६४ जीबीचं एकच कार्ड आहे. पुरेल का?
– मुरारजी पेठ

उत्तर : नाही. १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) फोर-के रेकॉर्डिंगला मिनिटाला ७५० एमबी लागतात. टिक आणि आगेमागे धरून साडेचार मिनिटांचा टेक सुमारे ३.४ जीबीचा होतो आणि बावीस टेक ७५ जीबीचे. ६४ जीबीची दोन कार्डं घ्या. दुपारच्या सुट्टीत पहिलं कार्ड लॅपटॉपवर आणि एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर, अशा दोन ठिकाणी उतरवा. दोन-तीन क्लिप शेवटपर्यंत चालवून बघा. कार्ड फॉरमॅट करायचं ते व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यावरच, आणि तेही कॅमेऱ्यातूनच.