अनिता मुई एवढी मोठी गायिका का मानली जाते? तिच्या आवाजात असं वेगळं काय होतं?

आधी आवाजाबद्दल. अनिता मुईचा आवाज खालच्या पट्टीतला, भरदार, किंचित खरखरीत. 80च्या दशकात हाँगकाँगच्या कॅन्टोनीज (तिथे बोलली जाणारी चिनी भाषा) पॉपमध्ये गोड, नाजूक गळ्याच्या गायिकांची चलती होती. हिने आपला आवाज कधी पातळ करून गायला नाही. लहानपणापासून बहिणीबरोबर लाय युएन करमणूक उद्यानात गाऊन तिने घराला हातभार लावला होता. तो कस गाण्यात उतरलाय, असं मला ठामपणे वाटतं. 1982 मध्ये नवोदित गायकांची स्पर्धा जिंकली तेव्हा ती 18 वर्षांची होती.

तिची संथ गाणी नीट ऐका. 1989चं 'सनसेट मेलडी' घ्या (चाल मूळ जपानी). कडव्यात ती जवळजवळ बोलल्यासारखी गाते, शब्द खाली दाबून धरते आणि ध्रुवपदाला आवाज मोकळा सोडते. ओळीच्या शेवटचा कंप जाणवण्याइतकाच, उगाच लांबवलेला नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आजारी असतानाही नोव्हेंबर 2003 मध्ये तिने हाँगकाँग कोलिझियममध्ये आठ कार्यक्रम केले आणि पांढऱ्या लग्नाच्या पोशाखात हेच गाणं शेवटी गायलं. 30 डिसेंबरला ती गेली, वय अवघं 40. त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण जरूर बघा. दम कमी पडतोय हे कळतं, पण शब्दफेक तशीच धारदार आहे. मग 1985च्या 'बॅड गर्ल'कडे वळा. तिथे हाच गळा ठेक्यावर बेधडक, जवळजवळ दरडावून गातो.